पाठ उन्हात, डोळे पाण्यात

कोचीहून लक्षद्वीपला निघालेल्या जहाजावर पहिल्या रात्रीच्या जेवणातच प्रवाशांच्या दोन जाती पडतात: उद्या स्कूबा करणारे आणि स्नॉर्केलिंगवर भागवणारे. गाभाऱ्यात जाणाऱ्याने कळसाला हात जोडून परतणाऱ्याकडे पाहावं, तशा नजरेने पहिली जात दुसरीकडे पाहते. माझं म्हणणं असं, की पोवळ्यांच्या राज्यात देव कळसातच राहतो. जहाज एका बेटापाशी दिवसभर थांबणार, संध्याकाळी सगळ्यांना पुन्हा वर चढायचं, आणि पाण्याशी आपली ओळख बादलीपुरती. अशा वेळी टाकी पाठीवर घेण्यापेक्षा नळी तोंडात धरून पालथं तरंगणंच शहाणपणाचं.

पोवळं हा प्राणी असला तरी त्याचं बरंचसं पोट भरतं ते त्याच्या अंगात भाडेकरू म्हणून राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांवर, आणि त्यांना ऊन लागतं. त्यामुळे वस्ती उथळ पाण्यात दाट. कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय या बेटांना प्रवाळाच्या भिंतीआड उथळ खाजण आहे. जहाजाला आत येता येत नाही म्हणून ते बाहेर थांबतं आणि माणसं होड्यांतून उतरवतात. म्हणजे ज्या जागेला जहाजही खोली पुरत नाही म्हणून नाकारतं, तिथे आपण खोलीचा हट्ट धरायचा! शिवाय पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. दहा मीटरांवर लालभडक मासा करडा दिसतो, म्हणजे जादा पैसे भरून रंग घालवायचे. आवाजाचंही तेच. पोपटमासा चोचीने मेलेलं पोवळं कुरतडतो तेव्हा दाढेखाली खडीसाखर फुटावी तसा आवाज येतो. तरंगणाऱ्याला तो स्वच्छ ऐकू येतो. टाकीवाल्याच्या कानात स्वतःचेच बुडबुडे. (त्याच माशाच्या पोटातून बाहेर पडलेली पांढरीशुभ्र वाळू किनाऱ्यावर पसरलेली असते आणि तिच्यात नवविवाहित जोडपी लोळत असतात. त्यांना हे सांगू नये.)

बरं, नवशिक्याला खाली काय दिसतं? मुख्यतः तो स्वतःच. नाक बंद, श्वास तोंडाने. मीटरभर उतरलं की कानाला दडे बसतात. नाक चिमटीत धरून हवा कानाकडे ढकलायची, पुन्हा मीटरभर, पुन्हा तेच. मिशी झुपकेदार असेल तर मास्कची रबरी कड नीट बसत नाही, आणि राजबिंड्या गृहस्थाच्या नाकाशी पाण्याचं तळं साचतं. योगवर्गात कुंभकाबद्दल शाबासकी मिळवलेल्यांची तर पंचाईतच, कारण इथला पहिला नियम म्हणजे श्वास रोखायचा नाही. दहा मीटरांवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते, आणि रोखून धरली तर फुप्फुस फाटू शकतं. पाडीसारख्या (PADI) स्कूबा शिकवणाऱ्या संस्था नवख्याला 12 मीटरांखाली जाऊ देत नाहीत, पण दाबाचा हा खेळ सगळ्यात जोरात चालतो तो त्याच वरच्या पट्ट्यात. एवढं सगळं सांभाळताना कोपऱ्यातला ऑक्टोपस बघायचा कोणी?

यावर कोणी म्हणेल, वरून मासे लांबचे वाटतात. उलट आहे. मास्कमधून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ भासते, त्यामुळे घरी येऊन माशाची लांबी फुगवून सांगणारा माणूस निदान एवढ्या बाबतीत खरं बोलतो. पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट आहे. एक आक्षेप मात्र वजनदार आहे, आणि तो पोवळ्यांच्या बाजूचा: स्कूबावाल्याला प्रशिक्षकाने मागून टाकीला धरलेलं असतं, तर तरंगणारा दमला की बिनदिक्कत पोवळ्यावर उभा राहतो. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र तापून इथली पोवळी पांढरी पडली; त्यातून जी सावरली ती आपल्या टाचेखाली मोडावीत हे काही बरं नाही. तेव्हा पाय टेकायचे ते वाळूवर, आणि दमल्यावर उताणं व्हायचं. ज्याला हेही जमणार नाही त्याने काचतळाच्या होडीत बसावं. आणि ज्याला मनापासून खालीच जायचं आहे त्याने कदमत बेटावर चार दिवस मुक्काम ठोकावा, नाहीतर घराजवळ तारकर्लीला रीतसर शिकावं. घाईच्या दिवशी नको.

राहता राहिला फोटो. स्कूबाचा फोटो हवा म्हणून खाली जाणारे पुष्कळ. त्यात चेहरा मास्कने झाकलेला, अंग निळं, आणि फॅमिली ग्रुपवर पहिला प्रश्न येतो, ‘यातला आपला कोणता?’ शिवाय कॅमेरा समोर आला की आपला हात आपोआप अंगठा वर करतो. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘मला वर न्या’ असा आहे, आणि प्रशिक्षक आज्ञाधारकपणे नेतो.