टहाळ्याचं टेंडर

अकोले तालुक्यात डोंगर पेटला की आठशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाला तो दिसतो. पावणेचारशे मीटरचा चौकोन धरून तो टिपतो आणि वनरक्षकाच्या मोबाइलवर संदेश येतो. रेंज असली तर.

पुढचं काम जमिनीवरचं. वनरक्षक गावातली चार पोरं गोळा करतो, डोंगर चढतो, झाडाचा टहाळा मोडतो आणि आगीला झोडपत सुटतो.

आता या टहाळ्याचंच बघा. तो ओला हवा, पानांचा हवा. वणवा लागतो मार्चात, निम्मं रान उघडंबोडकं असताना. पानं गळून वाळली म्हणून तर आग पसरते. म्हणजे ज्यांनी विझवायचं तीच पानं खाली जळतायत! हिरवं काय, तर करवंदाची जाळी. घाला हात. शिवाय राखीव जंगलात फांदी तोडणं 1927च्या वनकायद्यानं गुन्हा. आणि त्याच कायद्यात लिहिलंय, जंगलात हक्क असलेल्यानं आग विझवायला मदत केलीच पाहिजे, नाहीतर शिक्षा. तोडला तरी आरोपी, न तोडला तरी आरोपी.

तेव्हा टहाळ्यांची रीतसर खरेदीच करावी. तीन कोटेशनं मागवावीत. लांबी पाच फूट, पानं हिरवी, नमुना कार्यालयात जमा. ठेकेदार फांद्या त्याच जंगलातून आणणार हे उघड आहे, पण वाहतूक खर्च वेगळा लावू द्यावा. पुरवठा आदेश निघेपर्यंत जून उजाडेल. उत्तमच, तेव्हा झाडं पालवलेली असतात, दर्जाबद्दल तक्रार येणार नाही. आलेला माल डेडस्टॉकला चढवावा, नग मोजून. वापरलेले टहाळे निर्लेखित करायला समिती नेमावी आणि ऑडिटला कोळसा दाखवावा. आग विझवायचे ब्लोअर आहेत की, असं साहेब म्हणतील. आहेत ना. पाठीवर घेऊन कळसूबाईचा उतार चढून दाखवा, पेट्रोल संपलं की पुन्हा टहाळाच.

जाळरेषा नावाची साधी गोष्ट इंग्रजांच्या काळापासून आहे. वणव्याच्या आधीच गवताचा पट्टा जाळून मोकळा करायचा, म्हणजे आग पलीकडे जात नाही. हंगाम 15 फेब्रुवारीला सुरू होतो, हे काय दरवर्षी पंचांगात बघावं लागतं? पण पैसा उतरणार मार्चअखेरीला आणि तो खर्ची पडणार, मग डोंगर काळा झालेला का असेना. जळालेल्या रानात जाळरेषा काढायला अक्कल नाही, निर्लज्जपणा लागतो. आणि रात्री अकराला त्या धुरात शिरणारा हंगामी मजूर, पायात स्लिपर, तोंडाला टॉवेल, त्याला बूट मिळावेत म्हणून आता कुठला उपग्रह सोडायचा?

मे सरताना भंडारदऱ्याला याच उतारांवरच्या हिरड्या-बेहड्यांवर काजवे बघायला गाड्यांच्या रांगा लागतील. काजव्याची अळी पालापाचोळ्याखालच्या मातीत वाढते म्हणे. पण तो विषय पर्यटनाचा, फाइल दुसऱ्या टेबलावर.