वळण लावणारे काका

गुलाबकाकांकडे गेलं की आधी चहा मिळत नाही, आधी बाग मिळते. बाग म्हणजे कोथरूडच्या जुन्या बंगलीपुढचं हातरुमालाएवढं अंगण. त्यात माणसाच्या डोक्यावर जाणारे तीन लोखंडी मनोरे, खाली रुंद, वर निमुळते. काका त्यांना ओबेलिस्क म्हणतात. फॅब्रिकेशनवाल्याला चित्र काढून दिलं, तरी पहिल्या खेपेला त्याने वर चक्क कळस बसवून आणला. काकू त्याला रोज उदबत्ती ओवाळू का विचारतात.

काकांचं पेटंट वाक्य: "वळण लावावं लागतं हो!" वेलगुलाब सरळ वर जाऊ दिला, की सगळा जोर शेंड्याला आणि फुलंही तिथेच. "म्हणजे खत आमचं आणि फुलं शेजारच्या दुसऱ्या मजल्याला!" तीच फांदी तिरकी, जवळजवळ आडवी वाकवली, की शेंड्याची मक्तेदारी संपते. खालचे झोपलेले डोळे जागे होतात, प्रत्येकातून आखूड फुटवा येतो आणि त्याच्या टोकाला कळी. म्हणून काकांच्या फांद्या मनोऱ्याभोवती जिन्यासारख्या फिरत वर जातात.

वाकवण्याचा सोहळा बघावा. फांदी कोवळी हवी. डाव्या हाताने ती बुडाशी धरायची, उजव्या अंगठ्याने जराजरा रेटत न्यायची, मध्येच थांबून कान द्यायचा. "बोलते ती." चुकून 'कट्' असं बोललीच, तर त्या दिवशी घरात टीव्ही लागत नाही. बांधायला तार चालत नाही, साल कापते. सुती नाडी, इंग्रजी आठाच्या आकारात, सैल, कारण फांदी पुढे जाड होणार. काकूंच्या परकरांना आता इलॅस्टिक आहे.

"पोराला वळण लावताना यातला निम्मा धीर दाखवला असतात," काकू आतून म्हणतात. पोरगा बंगळुरूला असतो. तो व्हिडिओ कॉल करतो तेव्हा त्याला बराच वेळ एका पानाची खालची बाजू दिसते. काका लाल कोळी शोधत असतात.

प्रत्येक मनोऱ्यापाशी ओळखपरेड होते. "हा आइसबर्ग. मूळ झुडूप जर्मनीच्या कॉर्डेसांचं, 1958 चं. हा त्याचा वेल. ही गोल्डन शॉवर्स, अमेरिकेची, पिवळी. आणि ही पीस. महायुद्ध संपता संपता, 29 एप्रिल 1945 ला कॅलिफोर्नियात हे नाव ठेवलं." युद्ध संपलं, पण काकांच्या या वेलीवर अजून एक फूल आलेलं नाही. वेलीचा पीस फुलायला वर्षं घेतो, हे खरंच आहे. पण काका ते ज्या सुरात सांगतात, त्या सुरात लोक लग्नाळू भाच्याची बाजू घेतात. "अजून बसतोय त्याचा जम!"

कुणी पाहुणा जाणकारीने म्हणाला, "सात पानांचा फुटवा म्हणजे रानटी ना?" तर संपलंच. "पानं मोजू नका, कुठून आलाय ते बघा! कलमाच्या डोळ्याखालून आला की खुंटाचा. कापायचा नाही, मुळाशी उपटायचा!" कात्री त्यांच्या खिशात कायम असते. लग्नाच्या हॉलबाहेरच्या कुंडीतली वाळकी काडी कापताना रखवालदाराने त्यांना हटकलं, तर त्यालाच तिरपा काप डोळ्याच्या किंचित वर का घ्यायचा, हे शिकवून आले.

फूल मात्र तोडायचं नाही. दारात एवढे गुलाब असताना काकूंच्या देवाला रोज सकाळी फुलपुडी येते. काकूंनी एकदा एक गोल्डन शॉवर्स बाळकृष्णाला वाहिलं. काका दिवसभर देवघरात डोकावत होते. भक्ती वाढली असं काकूंना क्षणभर वाटलं.

पाऊस सरला की ऑक्टोबरात छाटणी. मुख्य फांद्या तशाच ठेवून बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आणायचे, कापांना मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा. मग आठवडाभर काकांची बोटं निळी आणि तोंडात निंबोळी पेंड, शेणखत, हाडांचा चुरा याखेरीज विषय नाही.

तुमच्याही ओळखीत असे काका असतीलच. त्यांच्याकडे डिसेंबरात जा. ऑक्टोबरात गेलात तर दाखवायला नुसत्या काड्या असतात, आणि त्याही तितकाच वेळ बघाव्या लागतात.