अनुभवाची तजवीज

इंग्लंडात ज्याला शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ व्हावयाचे आहे, त्याने प्रथम मानसशास्त्राची पदवी संपादन करावी, ती ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीच्या पसंतीस उतरवून घ्यावी, आणि तदनंतर मुलांच्या व तरुणांच्या सहवासातील निदान एका वर्षाचा पूर्णवेळ ‘संबद्ध अनुभव’ गाठीस बांधून तीन वर्षांच्या डॉक्टरेटसाठी अर्ज करावा, असा तिकडचा दंडक आहे. पत्नीच्या नोकरीपायी आमचे बिऱ्हाड पुण्याहून इंग्लंडच्या मध्यभागातील एका सदासर्वदा ओल्या गावी गेले, आणि खिडकीत बसून पर्जन्याचे निरीक्षण करण्याचा माझा उत्साह पहिल्या हिवाळ्यातच मावळला, तेव्हा या दंडकाची आणि माझी गाठ पडली. पदवी माझ्यापाशी होती. ती पुण्याची असल्यामुळे तिच्या विषयवार अभ्यासक्रमाचे, गुणपत्रकांचे आणि साक्षांकित प्रतींचे एक जाडजूड दप्तर रवाना करावे लागले, परंतु कागदाला कागद भिडवण्याची कला महाराष्ट्रीय मनुष्यास उपजतच अवगत असते. राहता राहिला अनुभव.

मुलांच्या सहवासाचा अनुभव म्हणाल, तर तो मला अजीर्ण होण्याइतका होता. रत्नागिरी जिल्ह्यातील आजोळी उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही मामे-मावस मिळून पंधरा-सोळा भावंडे जमत असू, आणि त्यांतला वडील या नात्याने आंब्यांची वाटणी, विहिरीचा बंदोबस्त, रुसलेल्यांची मनधरणी, आणि रात्री ओळीने अंथरलेल्या गाद्यांवर भिंतीकडची जागा कोणाची या सनातन तंट्याचा निवाडा ही सर्व खाती माझ्याकडे असत. पाठ्यपुस्तकांत वर्णिलेल्या वर्तनसमस्यांपैकी त्या माजघरात मी पाहिली नाही अशी एकही नसेल. पण या प्रदीर्घ सेवेचा दाखला द्यावयास आजोबा हयात नाहीत, आणि आजीचा अभिप्राय सर्वच नातवंडांविषयी एकसारखा असून तो अर्जासोबत जोडण्याजोगा नाही.

पूर्वी हे प्रकरण कठीण असले तरी स्पष्ट होते. उमेदवाराने आधी शिक्षक व्हावे, दोन वर्षे वर्गात काढावीत, आणि एवढ्या उपरही मुलांच्या मनाविषयी कुतूहल शिल्लक राहिलेच, तर वर्षभराचा पदव्युत्तर अभ्यास करून मानसशास्त्रज्ञ व्हावे. 2006 साली वर्षाच्या जागी तीन वर्षांची डॉक्टरेट आली आणि शिक्षकाची सक्ती गेली. शिक्षण सरकारी खर्चाने, वर विद्यावेतन, बदल्यात पुढे काही वर्षे स्थानिक प्रशासनाची चाकरी, आणि जागा अलीकडे दोनशेच्या घरात. तेव्हा शाळेतील मदतनीस, बालगृहातील रात्रपाळीवाले, वाचा-उपचारकांचे साहाय्यक अशा नाना वाटांनी माणसे या दाराशी येऊन उभी राहिली, त्यांतच शेवटी मीही.

या व्यवसायाचे मूळपुरुष सिरिल बर्ट. 1913 साली लंडन काउंटी कौन्सिलने त्यांची मानसशास्त्रज्ञ म्हणून नेमणूक केली, आणि ते पदच त्या देशात पहिले असल्यामुळे, त्या पदाचा अनुभव आपणास आहे काय, हा प्रश्न त्यांना विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती. पुढे त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, जुळ्या मुलांच्या बुद्धिमत्तेवरील संशोधनाने त्यांची कीर्ती दिगंत झाली, आणि 1971 साली ते निवर्तले. त्यानंतर पाचच वर्षांनी ‘संडे टाइम्स’ने असे प्रसिद्ध केले की, या थोर पुरुषाचे आकडे संशयास्पद आहेत, आणि त्यांच्या संशोधनात ज्यांची नावे येतात त्या मिस हॉवर्ड व मिस कॉनवे या दोन साहाय्यिका शोधूनही कोणास सापडत नाहीत. त्या खरोखर होत्या की नव्हत्या, याविषयी विद्वानांनी ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आहेत. माझ्या मनाला लागते ते निराळेच. ज्या व्यवसायाच्या आद्य पुरुषाला दोन साहाय्यिका असल्याचे शाबीत करता आले नाही, त्याच व्यवसायात आज गळ्यात ओळखपत्र अडकवलेली, हाडामांसाची शेकडो माणसे आपणास कोणी तरी साहाय्यक म्हणून पत्करावे यासाठी तिष्ठत असतात! मानसशास्त्रज्ञाचा साहाय्यक अशी एक जागा असते. अनुभव मिळावा म्हणून मनुष्य तिच्यावर अर्ज करतो, आणि जाहिरातीच्या दुसऱ्याच ओळीत अनुभवी उमेदवारास प्राधान्य असल्याचे वाचतो. आमचे पणजोबा मामलेदार कचेरीत कारकुनाची जागा रिकामी होण्याची वाट पाहत बिनपगारी उमेदवार म्हणून दौती भरीत असत. पण दौत भरू देण्यापूर्वी त्यांच्याकडे दौत भरल्याचा अनुभव कोणी मागितला नव्हता.

अखेर, हिंदुस्थानातील व विलायतेतील दोन्ही पोलिसांनी माझ्या चारित्र्याविषयी मौन राखल्यावर, एका प्राथमिक शाळेत मी टीचिंग असिस्टंट म्हणून रुजू झालो. शाळा वर्षाकाठी 39 आठवडे भरते आणि मदतनिसाचा पगार बहुधा तेवढ्याच आठवड्यांच्या हिशेबाने ठरवून बारा महिन्यांवर पसरतात, त्यामुळे तो दर महिन्यास नियमाने येतो आणि तितक्याच नियमाने दिसत नाही. शाळेत शिक्षकवर्ग जवळजवळ सगळा स्त्रियांचा. साहजिकच, मुलांच्या दृष्टीने दरवाजाच्या कडीपर्यंत हात पोचणारी प्रत्येक व्यक्ती ‘मिस’ असते, आणि मिशा असलेली मिस म्हणून माझी त्या परिसरात काही दिवस ख्याती झाली.

आईचा रविवारी फोन येई.

“काय शिकवतोस रे मुलांना?”

“शिकवत नाही, आई. कोट अडकवतो, बुटांच्या नाड्या बांधतो, पेन्सिलींना टोक काढून देतो.”

“हे तुला एम. ए.ला होतं का?”

नव्हते, हे मला मान्य करावे लागले.

माझ्या वाट्यास आला होता एक सहा वर्षांचा मुलगा, ज्याने वाचावयाचे नाही असा निश्चय केला होता आणि तो निश्चय भल्याभल्यांना साधत नाही अशा धैर्याने पाळला होता. तिकडच्या शाळांत ‘ऑक्सफर्ड रीडिंग ट्री’ नावाची वाचनमाला 1980च्या दशकापासून चालत आली आहे. बिफ, चिप व किपर ही भावंडे आणि फ्लॉपी हा त्यांचा कुत्रा यांच्या कथा रॉडरिक हंट यांनी लिहिल्या, आणि चित्रे ॲलेक्स ब्रिख्ता यांनी काढली. या ब्रिख्ता महाशयांची एक खोड अशी की चित्रात कोठे तरी, झुडपात, छपरावर किंवा खाटेखाली, ते एक चष्मा दडवून ठेवीत. माझ्या शिष्याने पुस्तकातले हे एकमेव सत्य हेरले होते. पान उलटताच त्याचे बोट गरुडासारखे झेपावे, चष्म्यावर टेकून क्षणभर थांबे, आणि मी “आता खालची ओळ” असे म्हणण्याच्या आत पान पुन्हा उलटलेले असे. असे पुष्कळ दिवस चालले. एके दिवशी मात्र एका पानावर चष्मा दिसेना. त्याने पुस्तक उलटे धरून पाहिले, माझ्या मुद्रेवर काही सुगावा लागतो का ते पाहिले, आणि शेवटी अत्यंत नाइलाजाने तो म्हणाला, “कदाचित खाली लिहिलं असेल.” मग चष्मा कोठे गेला याची काही वार्ता मिळते का हे पाहण्यासाठी त्याने ती ओळ, अक्षराला अक्षर जोडीत, कपाळाला आठ्या घालून, शेवटपर्यंत वाचली. चष्म्याचा तीत उल्लेख नव्हता. त्याने पुढची ओळही वाचली.

मला अपरिमित आनंद झाला. परंतु तो आनंद मुलाला वाचता आले म्हणून झाला, की माझ्या अर्जाला एक परिच्छेद मिळाला म्हणून झाला, हे मी आजही शपथेवर सांगू शकणार नाही.

त्या रात्री मी मसुदा लिहिला: ‘मी एका मुलासमवेत चष्मा शोधला.’ पत्नीने तो वाचून, “तुझा हरवला होता का?” असे विचारले. दुसऱ्या मसुद्यात ‘मुलाच्या स्वयंस्फूर्त अभिरुचीचा आधार घेऊन वाचनप्रवृत्तीस चालना दिली’ असे झाले. तिसऱ्यात व्हायगॉट्स्की आले, आणि मुलाला एकट्याने जे साधत नाही पण जाणत्याच्या सोबतीने साधते त्या सीमाप्रदेशात मी त्याला नेऊन पोचवल्याची नोंद झाली. वस्तुतः नेले होते त्याने मला. चौथ्या मसुद्यात ब्रॉन्फेनब्रेनर यांची एकात एक वसलेली वर्तुळे अवतरली: कुटुंब, शाळा, वस्ती, शासनाचे धोरण आणि संस्कृती. मजकूर आता इतका भारदस्त झाला होता की, शब्दमर्यादा सांभाळण्यासाठी त्यातून मुलाला वगळावे लागले.

याचे कारण असे की, विद्यापीठांना नुसता अनुभव चालत नाही, त्यावर केलेले चिंतन लागते. अमुक इतकी मुले सांभाळली याला किंमत नाही. सांभाळताना आपल्या पूर्वग्रहांचे काय झाले ते सांगा, असा त्यांचा आग्रह असतो, आणि तो, खरे सांगावयाचे तर, गैरवाजवी नाही. मात्र एकदा ही सवय जडली की मनुष्याच्या आयुष्यात प्रसंग घडावयाचे थांबतात आणि केवळ उदाहरणे घडू लागतात. वर्गात कोणी बूट भिरकावला तर तो जमिनीवर पडण्यापूर्वीच माझ्या मनात मुलांच्या मायाबंधांचे अभ्यासक बोल्बी यांचे नाव येऊन गेलेले असे, आणि त्यामुळे तो बूट एकदा माझ्याच कानाशी येऊन थांबला. तिकडे पहिल्या इयत्तेच्या मुलांची एक परीक्षा असते, 2012पासून. 40 शब्द वाचावयाचे. त्यांतले निम्मे मुद्दाम रचलेले निरर्थक शब्द, आणि ते ओळखू यावेत म्हणून प्रत्येकापाशी एका काल्पनिक प्राण्याचे चित्र. मूल पाठांतरावर विसंबते की अक्षरे जोडून वाचते, हे पडताळण्याची ती युक्ती आहे, आणि युक्ती म्हणून ती शहाणपणाची आहे. सराव घेताना एका मुलीने मला विचारले की हा प्राणी खातो काय. मी तिला सांगितले, हा कोठेच नसतो, याचे फक्त नाव वाचायचे. तिने माझ्याकडे अपार करुणेने पाहिले. त्या संध्याकाळी मी माझा पाचवा मसुदा वाचला आणि तिचे म्हणणे मला पटले.

खरीखुरी मानसशास्त्रज्ञ शाळेत प्रथम आली तो दिवस मला आठवतो. 2014च्या कायद्यान्वये ज्या मुलास विशेष साहाय्याची योजना मंजूर व्हावयाची, त्याच्याविषयी मानसशास्त्रज्ञाचा सल्ला घेणे प्रशासनास बंधनकारक आहे. सारे प्रकरण 20 आठवड्यांत निकालात काढावयाचे, त्यात सल्ल्यासाठी मुदत सहा आठवड्यांची, आणि सल्लागार मोजके. तेव्हा या बाई म्हणजे दुर्मीळ दर्शन. त्या मुलांच्या बुटक्या खुर्चीवर सराईतपणे बसल्या आणि त्यांनी मला माझ्या चष्मेवाल्या शिष्याविषयी विचारले. मी सांगू लागलो, त्या लिहून घेऊ लागल्या. त्या कशा विचारतात हे शिकण्यासारखे असल्यामुळे मीही वही काढून लिहू लागलो. आणि थोड्याच वेळात अशी स्थिती आली की दोघेही एकमेकांच्या बोलण्याची वाट पाहत खाली मान घालून लिहीत आहोत. शिष्य मधोमध उभा होता. त्याने दोन्ही वह्यांत डोकावून पाहिले. चष्मा शोधत असावा.

अर्ज तिकडे शैक्षणिक मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेमार्फत होतो आणि तीन विद्यापीठांची नावे देता येतात. दोघांनी सौजन्यपूर्वक नकार कळवला, तिसऱ्याने मुलाखतीस बोलावले. तेथे प्रथम सामूहिक चर्चा होती. उत्तम श्रोता हाच या व्यवसायास योग्य, हे प्रत्येक उमेदवार पढून आला असल्यामुळे, विषय पुढे ठेवल्याबरोबर सर्वांनी इतक्या तन्मयतेने ऐकावयास प्रारंभ केला की बराच वेळ कोणीच बोलेना. नंतर मंडळासमोर मी चष्म्याची हकिकत सांगितली, मुलासह. एक परीक्षक हसल्या. परंतु महिन्याभराने आलेल्या खलित्यात असा शेरा होता की, अनुभव चिंतनपूर्ण आहे, मात्र तो एकाच वयोगटापुरता मर्यादित आहे. कायद्याचे क्षेत्र जन्मापासून पंचविशीपर्यंत असल्यामुळे तो दोन्ही दिशांनी विस्तारावा.

हे सर्व मी रविवारी आईला सांगितले.

“म्हणजे आणखी एक वर्ष नाड्या?”

“नाही, या वेळी मोठी मुलं.”

“मग असं कर,” ती म्हणाली, “आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा नातू दहावीत आहे आणि पुस्तकाला हात लावत नाही. त्याच्याशी बोल फोनवर. पैसे मागू नकोस, अनुभवात धर.”

मी विचारले, याचा रीतसर दाखला कोण देणार?

“काकू देतील की. त्या सेक्रेटरी आहेत, सोसायटीचा शिक्का त्यांच्याकडेच असतो.”