भिलाईहून जंजिरा

भिलाईच्या मराठी माणसाला समुद्र वारसाहक्काने मिळतो. तो पाहिलेला असलाच पाहिजे, अशी अट नाही. आमच्यातले बहुतेक नागपूर-भंडाऱ्याकडचे, म्हणजे पणजोबांचाही लाटेशी संबंध नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात आली तीसुद्धा घोड्यांवरून. पुढे १९५५ साली रशियाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि आमची वडीलधारी मंडळी नोकरीनिमित्त सेक्टरांतल्या क्वार्टरांत येऊन राहिली. येताना त्यांनी पाटा-वरवंटा आणला, गणपती आणला आणि शिवाजीमहाराजांचं आरमारही आणलं. गणपतीच्या मांडवात थर्माकोलचा सिंधुदुर्ग उभा राहायचा. भोवती निळा जिलेटिनचा कागद. बिगरमराठी शेजारी प्रसादाला आले की आम्ही त्या कागदाकडे बोट दाखवून "ये हमारा समंदर" असं सांगत असू.

प्रत्यक्षातलं आमचं नौकानयन मैत्री बागेच्या तळ्यात. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून १९७२ साली झालेली ही बाग पांढऱ्या वाघांसाठी नावाजलेली आहे. वाघ झोपलेले असले की लोक बोटीकडे वळतात.

तर या निळ्या कागदाची वर्णनं वर्षानुवर्षं ऐकून आमच्या शेजाऱ्यांचा धीर सुटला. अस्सल छत्तीसगढी माणूस, रेल मिलमधून निवृत्त झालेला. रेल मिल म्हणजे आमच्या गावची शान. तिथून २६० मीटर लांबीचे रूळ देशभर जातात. त्यामुळे या गृहस्थांचा सरळपणावर गाढ विश्वास. "भैया, एक बार दिखा ही दो," ते म्हणाले. दुर्गला मुंबई मेलमध्ये बसलो आणि दोन्ही कुटुंबं जेवणाच्या डब्यांसह मुरूडला पोचलो. जंजिरा किल्लाच का, तर राजापुरीच्या धक्क्यावरून तिथे अजून शिडाच्या होड्या जातात. इंजिनाच्या बोटीतून आरमार काही नीट कळत नाही.

होडीत माणसं दाटीवाटीने बसवली गेली. दोघा खलाशांनी दोर ओढला, शीड वर गेलं, आणि होडी किल्ल्याकडे न जाता भलतीकडेच निघाली. शेजारी अस्वस्थ. किल्ला समोर ढळढळीत दिसतोय आणि नाक दुसऱ्याच दिशेला. दुपारची वेळ, म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातले खारे वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहत होते, अगदी आमच्या तोंडावर. समोरच्या वाऱ्यात शिडाची होडी सरळ जाऊ शकत नाही. ती आधी एका अंगाला तिरकी जाते, मग शीड फिरवून दुसऱ्या अंगाला, आणि असे हेलकावे घेत पुढे सरकते. शीड फिरताना मधला बांबू डोक्यांवरून जातो. तेव्हा सगळे एकदम वाकतात, जातधर्म न पाहता. मी हे सगळं समजावून सांगितलं. शेजारी म्हणाले, "मतलब सामने वाली हवा से ही सामने जाएँगे?" हो. "तो इतने दिन हम रेल क्यों बनाते रहे?"

टाउनशिपमध्ये आयुष्य काढलेल्या माणसाला आणखी एक गोष्ट खुपते. आमच्याकडे शिफ्टची वेळ चुकत नाही. कारखाना चोवीस तास चालतो, कारण भट्टी मनात आलं म्हणून विझवता येत नाही. इथे सुकाणूवरच्या म्हाताऱ्याला "किती वेळ लागेल" असं विचारलं तर त्याने शिडाकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं आणि बिडी पेटवली. मला ते उत्तर पुरेसं वाटलं. शेजाऱ्यांनी मात्र घड्याळ काढून खिशात ठेवलं.

मग त्यांनी आपला मोर्चा इतिहासाकडे वळवला. "तो ये किला शिवाजी महाराज ने कब जीता?"

होडीतल्या मराठी मंडळींना एकदम शिडात रस वाटू लागला. जंजिरा सिद्दीचा. शिवाजीमहाराजांनी प्रयत्न केले, तो मिळाला नाही. संभाजीमहाराजांनी १६८२च्या सुमारास किनाऱ्यापासून खाडीत दगडांची भर घालून सेतू बांधायला घेतला, तोही पुरा झाला नाही. संस्थान विलीन झालं ते थेट १९४८ साली. हजारावर किलोमीटर प्रवास करून पाहुण्याला अभिमानाने दाखवायला आणलेला किल्ला हा असा. मी घाईघाईने लाय पाटलांची गोष्ट काढली. हे कोळी सरदार रात्री गुपचूप जाऊन किल्ल्याच्या तटाला शिड्या लावून बसले, पेशवे मोरोपंतांची माणसं काही वेळेवर आली नाहीत, उजाडायच्या आत शिड्या काढाव्या लागल्या. तरी महाराजांनी त्यांना पालखीचा मान दिला. पाटील म्हणाले, मी दर्यावर्दी, पालखी काय करू? तेव्हा महाराजांनी त्यांना गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'पालखी', असं सांगतात. शेजाऱ्यांना गोष्ट मनापासून आवडली. "आदमी ने काम पूरा किया, दूसरी शिफ्ट नहीं आई," ते म्हणाले. भिलाईत याहून मोठी सहानुभूती नाही.

जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही, नुसता तट. मग एका वळणावर तो अचानक उघडतो. लाटेवर होडी वर आली की पायरीवर पाय टाकायचा, खाली गेली की थांबायचं. चारी बाजूंना खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. आमच्या शिवनाथ नदीतही एक बेट आहे, मदकू द्वीप. तिथे उत्खननात जुन्या देवळांची रांग सापडली आहे. शेजाऱ्यांनी त्याचा उल्लेख केलाच, आणि उन्हाळ्यात तिथे जायला शिडाबिडाची गरज पडत नाही, हेही सांगितलं.

कलालबांगडी तोफेपाशी वाटाड्याने सांगितलं की ही पंचधातूची असल्याने कितीही उन्हात तापत नाही, आणि वजन बावीस टन. हे धातूच्या कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसासमोर बोलायला नको होतं. शेजाऱ्यांनी तोफेवर तळहात टेकवला आणि तितक्याच झपाट्याने उचलला. वाटाड्या म्हणाला, "आज ऊनच जास्त आहे." मग त्यांनी वितीने लांबी मोजली, तोंडाचा व्यास घेतला, मनातल्या मनात घनफळ काढलं आणि वजनाविषयी काहीही न बोलता माझ्याकडे पाहिलं. विक्रांत युद्धनौकेच्या पोलादात भिलाईचाही वाटा आहे, ती २०२२ साली नौदलात दाखल झाली, हे त्यांनी वाटाड्याला सविस्तर ऐकवलं. त्यानेही ते मान डोलावत ऐकलं. पुढच्या गटाला तो ते सांगत असेल, कदाचित तोफेच्या संदर्भात.

तटावरून वायव्येला पद्मदुर्ग दिसत होता, महाराजांनी याच सिद्दीवर नजर ठेवायला बांधलेला. मी तो अत्यंत आग्रहाने दाखवला, दोनदा.

परतताना वारा पाठीशी. होडी सरळ निघाली, शेजारी खुलले. राजापुरीच्या धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यांच्या मुलाचा भिलाईहून फोन आला.

"हाँ बेटा, देख लिया. बहुत बढ़िया. नहीं नहीं, ये वाला इनका नहीं है. इनका बाजू में है, छोटा वाला."