कार्डधारी पाणबुड्या

कार्डधारी पाणबुड्या हा पंधरा-सोळा वर्षांचा जीव उन्हाळी सुटीत कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांच्या आसपास विपुल आढळतो. शाळकरी मुलांच्या शिडाच्या सहली तिथे निघतात. बोटीवर पोरंच सुकाणू धरतात, पोरंच भात करपवतात, भांडीही पाळीपाळीने घासतात. अशा बोटीवर इतर मुलं नुसती पोरं असतात. याच्याकडे मात्र स्कूबा डाइव्हिंगचं 'ओपन वॉटर' कार्ड असतं. त्यासाठी समुद्रातल्या चार डाइव्ह आणि एक परीक्षा लागते. ज्युनियर कार्ड दहाव्या वर्षापासून मिळतं, पण याने पंधरा पूर्ण झाल्यावर थोरांचं घेतलेलं असतं आणि ही बाब तो कोणी न विचारता सांगतो.

या जातीची लक्षणं पाहायला सॉल्ट आयलंडचा दिवस उत्तम. या बेटाजवळच्या पाण्यात आर. एम. एस. ऱ्होन ही टपालबोट पडून आहे. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी चक्रीवादळात ती खडकावर आपटली, थंड पाणी तापलेल्या बॉयलरला भिडून स्फोट झाला आणि बोटीचे दोन तुकडे झाले. मागचा भाग उथळ पाण्यात आहे, नाळेकडचा साधारण २४ मीटर खोल. नव्या कार्डाची मर्यादा १८ मीटर. हे दोन आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत, कारण कार्डधारी ते दुपारपर्यंत विसरतो.

उतरण्याआधी तो मास्कच्या काचेवर थुंकतो. काचेवर वाफ धरू नये म्हणून सगळेच थुंकतात, पण याचं थुंकणं चारचौघांनी पाहावं अशा बेताने होतं. मग जोडीदाराचे पट्टे, नळ्या, हवा तो दोनदा तपासतो. त्याच्या स्वतःच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडायचा राहिला आहे हे जोडीदाराला दिसतं. जोडीदार बहुधा अबोल मुलगी असते. ती तो निमूटपणे उघडते.

पाण्याखालचा भाग थोडक्यात आटोपतो, कारण त्याची हवाच थोडक्यात आटोपते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाला दुप्पट हवा लागते. त्यात उत्साहाने धापा टाकल्या की हवेचा काटा झरझर उतरतो. ऱ्होनच्या मागच्या भागात पितळेची एक गोल खिडकी आहे. नशीब फळफळावं म्हणून येणारा प्रत्येक पाणबुड्या तिच्यावर हात फिरवतो, म्हणून दीडशे वर्षांची ती खिडकी चकचकीत राहिली आहे. बाकीचे तिच्यापाशी रांग लावतात, तेव्हा गाइड याचा काटा बघून वर जायची खूण करतो. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबणं मात्र तो अत्यंत गंभीर चेहऱ्याने पाळतो.

खरा कार्डधारी पाहावा तो किनाऱ्यावर. डिंगीतून उतरताना वेटसूट कमरेपर्यंत सोललेला आणि बाह्या पोटावर बांधलेल्या, उन्हाने अंग भाजत असलं तरी संध्याकाळपर्यंत तशाच. तोंडावर मास्कचा लाल वळ उमटलेला असतो, तो नवरदेवाच्या मुंडावळ्यांसारखा मिरवतो. बेटावर मिठाची तळी आहेत. एके काळी इथले लोक ब्रिटिश राजघराण्याला वर्षाला एक पौंड मीठ भाडं म्हणून देत. ऱ्होनच्या मृतांची दफनभूमीही इथेच आहे. या दोन्हींकडे पाठ करून तो वाळूत बोटीचा नकाशा काढतो.

पहिल्या कथनात बोट खरी असते, फक्त प्रवाह जरा वाढलेला. पुढच्या कथनात नाळेकडचा भाग येतो. १९७७ सालच्या 'द डीप' सिनेमाचं चित्रीकरण ऱ्होनवर झालं होतं ही खरी माहिती तो मध्येच पेरतो, म्हणजे शेजारची थाप खपते. रात्रीच्या जेवणापर्यंत खोली २४ मीटरवर पोचते आणि बॅराकुडा हातभर लांबीवरून पुरुषभर लांबीचा होतो. वाढणाऱ्याला कोणी अंगठा उंचावून 'झकास' म्हटलं, तर हा घास थांबवून सांगतो की अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा आहे, 'ठीक' म्हणायचं असेल तर अंगठा-तर्जनीचं वर्तुळ करावं. ताट पुढे करून मग तो स्वतःच वर्तुळ करतो.

डाइव्हनंतर काही तास अंगमेहनत टाळावी, असा सल्ला खरोखरच दिला जातो. रक्तात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडायला हवा. कार्डधारी हा सल्ला कढई, पातेली आणि डेक घासण्याला लावतो. कप्तान घासणी त्याच्या हातात ठेवतो, तेव्हा तो नायट्रोजनवर बोलायला लागतो आणि बोलता बोलता भांडी संपतात, कारण ती एव्हाना अबोल जोडीदाराने घासायला घेतलेली असतात.

झोपण्यापूर्वी नोंदवहीवर जोडीदाराची सही लागते. ती मनगटावरच्या डाइव्ह संगणकाचं बटण दाबून बघते, खोलीच्या रकान्यात ११ मीटर लिहिते आणि सही करते. कार्डधारी पेन मागून घेतो आणि शेऱ्याच्या रकान्यात 'प्रवाह प्रचंड' अशी भर घालतो.