मनगटाची पावलं

सांगलीच्या विश्रामबागेत हल्ली "चहा झाला का?" असं कुणी विचारत नाही. "किती झाली?" असं विचारतात. समोरचा बाही सारून "आठ हजार दोनशे" म्हणतो आणि उरलेल्या अठराशेंसाठी शंभर फुटी रस्त्यावर चक्कर मारायला निघतो. रस्त्यापर्यंत अर्थातच गाडीनं.

दहा हजारांचा हा नेम कुठल्या ऋषीनं घालून दिला? टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, जपानात कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र विकायला आलं. त्याच्या नावातच हा आकडा होता. विक्रेत्याचा आकडा, आपण एकादशीसारखा पाळतो.

आता यंत्र कमरेवरून मनगटावर चढलंय. मनगटाला पाय दिसत नाहीत. दिसतो तो हाताचा झोका. त्यावरून पाय चालले असतील असा अंदाज. त्यामुळे कट्ट्यावर बसून हातवारे करत सरकार पाडणाऱ्या काकांच्या खात्यातही पावलं पडू शकतात. एका गृहस्थांनी तर घड्याळ नातवाच्या हातात बांधून त्याला बागेत सोडलं. संध्याकाळी आजोबांचा रक्तदाब तेवढाच, पावलं मात्र पंधरा हजार!

आणि जो खरोखर चालतो त्याचं काय? भाजीची हातगाडी ढकलणाऱ्याच्या दोन्ही मुठी दांड्यावर घट्ट. हात हलत नाही, म्हणून घड्याळाच्या लेखी तो बराच वेळ जागेवर उभा! मार्केट यार्डात हळदीचं पोतं पाठीवर घेऊन हात वर धरून चाललेला हमाल, तोही तसाच, निवांत. हे घड्याळ काही जण मजल्यांसाठीही घेतात; हवेचा दाब बदलला की त्याला चढण कळते. तीन मजले चढले की मनगटावर शाबासकी थरथरते आणि तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर पडतो. त्याच सोसायटीत लिफ्टच्या दाराशी पाटी आहे: कामवाल्या बायकांनी जिन्याचा वापर करावा. म्हणजे आमचा जिना व्यायाम, आणि तिचा जिना वीजबचत? दिवसातून पाच घरची धुणीभांडी करत ती किती मजले चढते, ते मोजायला कुणाचं मनगट मोकळं आहे? लाज वाटायला किती पावलं लागतात, तेही एकदा त्या यंत्राला विचारा!

परवाच्या सभेत ठरलं की महिन्यात सर्वाधिक मजले चढणाऱ्याला मिक्सर बक्षीस. स्पर्धा फक्त फ्लॅटधारकांसाठी. पाटी जिथल्या तिथे.