नाना, सहपत्रांसह

हल्ली तालुक्याच्या गावी वडिलांची एक नवी जमात वाढीस लागली आहे. मुलगी किंवा मुलगा नर्सिंग शिकायला जर्मनीला निघालेला असतो. शिकायचं त्या लेकराला, पण चौकात गाठून बोलतात वडील. आमच्या गल्लीतले नाना या जमातीचे मेरुमणी. हयात पंचायत समितीच्या आस्थापना शाखेत गेली. निवृत्त माणूस एक तर कीर्तनाला लागतो, नाहीतर गुडघ्यांच्या तक्रारीला. नाना मुलीच्या फाईलला लागले.

माहिती तोंडपाठ. "कोर्स 3 वर्षांचा. 2100 तास वर्गात, 2500 तास प्रत्यक्ष रुग्णसेवा. पहिल्याच वर्षी महिना 1300 युरोंच्या वर विद्यावेतन." हा आकडा ते नव्या आयोगाची वेतनश्रेणी वाचल्यासारखा वाचतात. मुलगी एसटीने क्लासला जाऊन ए1, ए2, बी1 करत बी2पर्यंत पोचली. नाना अजून 'गुटेन मॉर्गन'वरच आहेत आणि तेही संध्याकाळी म्हणतात. पण जर्मनी त्यांना सख्खा देश वाटतो. "लोक मोटारींचं कौतुक सांगतात. अहो, मोटारी जपानपण करतो. कागद बघा त्यांचा!"

फाईलचा पहिलाच कागद अडला. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं आणि मामाने ग्रामपंचायतीत जाऊन जन्माची नोंद केली. बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाचा रकाना कोरा. मामाच्या लेखी बहीण अजून 'शकुंतला'च. लग्नात ठेवलेलं 'सुनंदा' त्याच्या तोंडी कधी बसलंच नाही. गुणपत्रिकेवर बोर्डाने आडनाव आधी छापलेलं, बाकी कागदांवर ते शेवटी. म्हणजे कागदोपत्री नानांच्या घरात दोन बायका, एक बिननावाची मुलगी आणि एक उलट्या नावाची.

दुसऱ्या कुणाला घाम फुटला असता. नानांच्या चेहऱ्यावर तेज आलं. ग्रामसेवकाकडे खेपा झाल्या, प्रतिज्ञापत्रं झाली, राजपत्रात जाहिरात झाली. 'शकुंतला आणि सुनंदा या दोन्ही नावांची व्यक्ती मीच' असं काकूंनी एवढ्या वर्षांच्या संसारानंतर शपथेवर लिहून दिलं. सही करताना त्या एवढंच म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतंत, तर नाव बदलूच दिलं नसतं."

मग गोवर आला. 1 मार्च 2020पासून जर्मनीत आरोग्यसेवेत काम करायचं तर गोवराविरुद्ध संरक्षणाचा पुरावा द्यावा लागतो. काकूंनी ट्रंकेच्या तळातून लसीकरणाचं कार्ड काढलं. त्यावर डोस एकच, तिकडे हवेत दोन. तेव्हा लग्नाच्या वयात पोरीने पुन्हा दंड पुढे केला. कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने दळणाचा हिशेब होता: ज्वारी दोन पायली, गहू एक, बाकी आठ आणे. नानांनी दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली.

"अहो, मागची कशाला?"

"सहपत्र."

खरी जुंपली ती बायोडाटावरून. जर्मनांना त्यात शाळेपासून आजपर्यंतचा सलग हिशेब लागतो. बारावीनंतर मुलगी काही महिने घरी होती. नानांनी सुचवलं, "लिही, सदर कालावधीतील खंड क्षमापित करण्यात यावा." आणि हे शिक्षण का घ्यायचंय याचं पत्र तर त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं: "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदारास रुग्णसेवेची आवड असून आपल्या स्तरावर उचित कार्यवाही व्हावी." मुलीने ते शांतपणे घडी घालून बाजूला ठेवलं. घरी होती ते महिने तिने आजीचं अंथरूण-पांघरूण केलं होतं, कूस बदलून दिली होती, लघवीचं भांडं धरलं होतं. तेच तिने सरळ लिहिलं; पत्रही झालं आणि खंडही भरला. नानांनी ते दोनदा वाचलं आणि शेरा मारला, "मजकूर ठीक. जावक क्रमांक राहिला."

व्हिसाच्या तारखेला बापलेक मुंबईला गेले. नानांकडे तीन संच: एक त्यांना, एक आपल्याला, एक कार्यालयीन प्रत. खिडकीवरच्या मुलीने यादीप्रमाणे कागद घेतले आणि निम्मा गठ्ठा "हे नको" म्हणून परत सरकवला. व्हिसा नाकारला असता तरी नाना इतके दुखावले नसते. परतीच्या गाडीत त्यांनी गठ्ठा मांडीवर धरून ठेवला होता.

व्हिसा आला, मुलगी गेली. नाना सैरभैर झाले. दारावरून जाणाऱ्या कुणालाही थांबवून "तुमचं आधार आणि पॅन जुळतं का?" असं विचारू लागले.

एका रात्री तिकडून फोन आला. "नाना, इथं राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत जाऊन नोंद करावी लागते. घरमालकाच्या सहीचं पत्रही लागतं."

नाना खुर्चीत ताठ बसले. "म्हणजे रहिवासी दाखला! आणि घरमालकाचं संमतीपत्र! बघ, उगाच नाही तो देश पुढे गेला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जेवलीस का? आणि हे बघ, ओरिजिनल कुणाच्या हातात देऊ नकोस. नुसतं दाखवायचं."